हाताला काम मिळेपर्यंत



विषय निवडायचे काम वडोदऱ्यातल्या या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी माझ्यावर सोपवले, तेव्हा मी त्यांना विचारले, मला देवधर्माबद्दलही बोलायचे आहे आणि नोकरीबद्दलही, चालेल का? ते म्हणाले, आमच्या वस्तीत हे दोन्ही विषय रोजचेच आहेत. त्या भरवशावर मी आज उभा आहे.

बेकारीवर भाषण म्हटले की आकडे सुरू होतात. किती जागा, किती अर्ज, किती टक्के. मला आकड्यांकडे जायचे नाही. मला त्या एका माणसाबद्दल बोलायचे आहे, ज्याची एक नोकरी सुटली आहे आणि दुसरी अजून लागलेली नाही. किंवा त्या मुलीबद्दल, जिचे शिक्षण संपून वर्ष झाले आणि जिच्या हातात प्रमाणपत्रांच्या फाइलीखेरीज काही नाही. हा मधला काळ हा माणूस कसा काढतो? कुठे जेवतो, कुठे पाठ टेकतो, कोणाशी बोलतो? आणि सर्वांत महत्त्वाचे, त्याच्यासाठी शब्द कोण टाकतो?

माझी सगळी नोकरी कारखान्यांच्या कर्मचारी विभागात गेली. तिथे जे रोज पाहिले ते सांगतो. गेटवर आलेल्या अर्जांचा गठ्ठा कपाटात जातो. आतल्या कामगाराने बरोबर आणलेला मुलगा मात्र दोन दिवसांत पाळीवर दिसतो. हे योग्य की अयोग्य, हा वाद थोडा वेळ बाजूला ठेवू. असे का घडते? सुपरवायझरला भीती असते ती न सांगता रात्रपाळीला दांडी मारणाऱ्याची, भांडखोराची, हत्यार उचलून नेणाऱ्याची. अशा गोष्टींची हमी मार्कलिस्ट देत नाही. ती माणूस देतो. मग ज्याच्यासाठी हमी द्यायला एकही माणूस नाही, त्याने काय करायचे?

आणि इथेच नोकरी गेलेल्याचे दुसरे दुःख सुरू होते. सकाळी अकरा वाजता तो दारात दिसला की शेजारी विचारतात, आज सुट्टी का? दोन-तीनदा हे ऐकले की तो इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन बाहेर पडतो आणि स्टेशनवर जाऊन बसतो. मंडळाच्या आरतीला येईनासा होतो, कारण आरतीनंतर वर्गणीचे पुस्तक पुढे येते. लग्नाला जात नाही, कारण आहेर करावा लागतो. ज्या दिवसांत त्याला माणसांची सर्वाधिक गरज असते, त्याच दिवसांत तो माणसांतून उठतो. त्याला परत माणसांत आणून बसवणे, हे श्रद्धेने बांधलेल्या समाजाला जितके साधते तितके कोणत्याही कचेरीला साधत नाही. हा माझा पहिला मुद्दा. तो सिद्ध करण्यासाठी मी तुम्हाला मुंबईला नेतो.

धोबीतलावला जेर महाल नावाची जुनी इमारत आहे. तिच्यात गोव्यातल्या गावांच्या कुडी आहेत. कूड म्हणजे खोली. पण इथे ती एका अख्ख्या गावाची खोली. एकोणिसाव्या शतकात गोव्यातले ख्रिस्ती तरुण पोटासाठी मुंबईत येऊ लागले. कोणी घरगुती स्वयंपाकी झाला, कोणी बँडमध्ये वाजवू लागला, आणि फार मोठ्या संख्येने लोक इंग्रज कंपन्यांच्या बोटींवर खलाशी, आचारी, बटलर म्हणून लागले. बोटीची नोकरी सलग नसते. एक सफर संपली की माणूस उतरतो आणि दुसरी बोट मिळेपर्यंत थांबतो. घर गोव्यात, नोकरी समुद्रावर, आणि थांबायचे मुंबईत. मुंबईत थांबायला लागतात पैसे, आणि पैसे तर बोट लागल्याशिवाय येत नाहीत. या कोंडीतून गावागावांनी वाट काढली. गावच्या माणसांनी मिळून एक खोली घेतली. धोबीतलाव, माझगाव, कावेल, डोंगरी या भागांत अशा शेकडो कुडी एके काळी होत्या.

आत काय असे? भिंतीला लागून पत्र्याच्या आणि लाकडाच्या पेट्यांची रांग. ज्याची पेटी तो तिच्यापुढे चटई टाकून झोपणार. महिन्याची वर्गणी अगदी थोडी, आणि बोट लागलेली नसेल तर तीही थकवता येई. सफरीवरून परतल्यावर फेडायची. पंच गावच्या लोकांनी निवडलेले. आणि एका भिंतीला वेदी, तिच्यावर गावच्या चर्चच्या संताची मूर्ती किंवा तसबीर. संध्याकाळी ठरल्या वेळी कुडीत असलेल्या प्रत्येकाने गुडघे टेकून रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, बसायचे. गावच्या फेस्ताच्या, म्हणजे संताच्या सणाच्या, दिवशी मुंबईतल्या कुडीतही फेस्त.

मित्रहो, या रोझरीकडे थोडे बारकाईने पाहा. ती भक्ती तर होतीच. त्याशिवाय ती आणखी काय करत होती? कालच पगार घेऊन बोटीवरून उतरलेला आणि चार महिने बोट न मिळालेला, हे दोघे रोज संध्याकाळी एका ओळीत गुडघ्यावर येत होते. रिकाम्या माणसाला तोंड लपवून बाहेर बसायची सोयच नव्हती. तो आज आला नाही, तर लगेच कळणार. तो आजारी आहे, तो दारूच्या नादी लागला आहे, त्याने दोन दिवस जेवण घेतले नाही, हे सगळे त्या खोलीला कळणार. आणि कोणत्या कंपनीची बोट गोदीत लागली, कुठे आचारी हवा आहे, ही बातमी पसरायलाही त्याच खोलीइतकी चांगली जागा नव्हती. निवारा, शिस्त, उधारी, बातमी आणि शब्द टाकणारा माणूस, या पाचही गोष्टी एका छपराखाली. कोणत्या सरकारी खात्याने आजवर हे पाचही एकत्र दिले आहेत?

आपल्या मराठी गिरणी कामगारांचे जग याहून फार वेगळे नव्हते. रत्नागिरीहून, साताऱ्याहून, कोल्हापूरकडून आलेला माणूस लालबाग-परळला गावच्या गाळ्यावर, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक खोलीवर, उतरायचा. पाळ्यांप्रमाणे झोपायचा, खानावळीत महिन्याच्या बोलीवर जेवायचा. बदली कामगार म्हणून रोज सकाळी गिरणीच्या दाराशी उभा राहायचा आणि कायमच्या कामगारांपैकी कोणी गैरहजर असला तरच आत जायचा. रात्री गाळ्यात भजन. टाळ वाजवणाऱ्यांत कायमचा कोण आणि बदली कोण, हे कोणी विचारत नसे. त्याच भजनी मंडळाने गावच्या देवळासाठी पैसे जमवले, गावच्या शाळेसाठी जमवले, आणि आजारी पडलेल्याला गाडीत बसवून गावी पोचवले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसे घरी बसली, तेव्हा किती घरांना या गावमंडळांनी आणि खानावळवाल्या बायांच्या उधारीने तारले, याचा हिशेब कुठल्याही अहवालात सापडणार नाही.

बाहेरच्या जगातही क्रम असाच दिसतो: आधी श्रद्धेने बांधलेला समाज, मग सरकार. लंडनमध्ये विल्यम बूथ यांच्या मुक्तिफौज या ख्रिस्ती संघटनेने १८९० मध्ये बेकारांसाठी नोकरी मिळवून देणारी कचेरी उघडली. इंग्लंडच्या सरकारने अशा कचेऱ्या उघडल्या १९१० मध्ये. म्हणजे मुक्तिफौज वीस वर्षे आधी! आणि बाराव्या शतकातल्या मायमोनिडीज या यहुदी आचार्यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या, त्यांत सर्वांत वरची कोणती? माणसाला हात पसरावा लागू नये म्हणून त्याला धंद्यात भागीदार करून घेणे किंवा काम मिळवून देणे. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायल बांधव ज्या धर्माचे, त्या धर्मातली ही शिकवण आहे. अन्नदानाहून कामदान वरचे, हे ध्यानात ठेवा. आपण अन्नदानात फार पुढे आहोत.

आता वडोदऱ्यात येऊ.

या शहरातल्या मराठी माणसाला एक काळ नोकरी शोधावीच लागली नाही. गायकवाडांबरोबर तो आला तो शिलेदार म्हणून, कारकून म्हणून, कामदार म्हणून. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली, १९०६ मध्ये सक्तीचे प्राथमिक शिक्षण साऱ्या राज्यात नेले, १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा उभी राहिली. नोकरी होती, आणि नोकरीसाठी लागणारे शिक्षणही होते. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि दरबारच्या नोकरीची पिढीजात वाट बंद झाली. मग रेल्वे, विद्यापीठ, औषधांचे कारखाने, कोयलीची रिफायनरी, मकरपुऱ्याची जीआयडीसी. आज जळगाव-धुळे-नंदुरबारकडून जो मुलगा वडोदऱ्याला उतरतो, त्याच्या पाठीशी दरबारही नाही आणि कूडही नाही. त्याच्याकडे कोणत्या तरी ठेकेदाराचा मोबाइल नंबर आहे.

याच वडोदऱ्यात १८७० साली छगन नावाचा मुलगा जन्मला. तो पुढे जैन आचार्य विजयवल्लभसूरी झाला. जैन साधूने पैशाला हात लावायचा नाही, एका जागी राहायचे नाही. अशा माणसाच्या प्रेरणेने १९१४ साली मुंबईत महावीर जैन विद्यालयाची स्थापना झाली. बाहेरगावच्या मुलांनी तिथे राहावे, जेवावे, देरासरात, म्हणजे जैन मंदिरात, पूजा करावी आणि कॉलेजात शिकावे. गरीब मुलाला तिथे कर्जाऊ मदत मिळे. शिकून नोकरीला लागला की त्याने ती परत करायची, म्हणजे ती रक्कम पुढच्या मुलाला. या संस्थेची शाखा पुढे वडोदऱ्यातही झाली. उपकाराचे ओझे आयुष्यभर वाहण्याऐवजी मुलाने ते फेडून मोकळे व्हावे, ही त्यातली दूरदृष्टी मला फार मोलाची वाटते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी याच सुमारास मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशा प्रत्येक समाजासाठी वसतिगृहे उभी करवली. लक्षात घ्या, १९०२ मध्ये राज्याच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणाऱ्या राजाला ठाऊक होते की जागा राखली एवढ्याने भागत नाही. त्या जागेपर्यंत पोचणाऱ्या मुलाला रात्री डोके टेकायला जागा लागते.

डोके टेकायला जागा. आता मी ज्या प्रसंगाकडे येतो आहे, तो या शहरात बोलताना टाळता येत नाही, आणि टाळूही नये.

१९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर नावाचा तरुण अमेरिकेला गेला. कोलंबिया विद्यापीठात शिकला. १९१७ साली, कराराप्रमाणे राज्याची नोकरी करायला वडोदऱ्यास आला. त्याच्यापाशी काय नव्हते? पदवी होती. बुद्धी होती. नोकरी ठरलेली होती. महाराजांची मर्जी होती. आपण आज ज्यांना नोकरी शोधणारे म्हणतो त्यांच्यापाशी नसते ते सगळे त्याच्यापाशी होते. नव्हते एवढेच, की या शहरात कोणी त्याला खोली देईना. हिंदूंच्या वस्तीत जात आड आली. शेवटी एका पारशी उतारूगृहात पारशी नाव सांगून, दिवसाला दीड रुपया देऊन तो राहिला. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले डझनभर लोक जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणून बजावून गेले. त्याने एका हिंदू मित्राला विचारले. तू आलास तर घरचे नोकर निघून जातील, असे उत्तर आले. मग एका ख्रिस्ती मित्राला विचारले. तो मित्र मुळात ब्राह्मण. पत्नीला विचारावे लागेल, असे तो म्हणाला, आणि त्या घराचा नूर भीमरावांनी ओळखला. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास हा माणूस कमाटी बागेत बसून राहिला. पुढे बाबासाहेबांनी स्वतःच हे लिहून ठेवले आहे. त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात, आणि हजारो लोक तिला नमस्कार करायला येतात.

हिंदू, पारशी, ख्रिस्ती. तीन श्रद्धांची दारे, आणि तिन्ही बंद. राजाने शिष्यवृत्ती दिली, पद दिले. शहराने खोली दिली नाही. म्हणजे श्रद्धेने बांधलेला समाज ज्या दोरीने आपल्या माणसाला बांधून घेतो, त्याच दोरीने तो परक्याला बाहेर ठेवतो. कुडीचे दार गावकऱ्यालाच उघडे होते. गाळा गावच्याच माणसाचा होता. मघाशी मी कर्मचारी विभागाचा अनुभव सांगितला आणि योग्य-अयोग्य हा वाद बाजूला ठेवला होता. तो आता घेऊ. आतल्या माणसाने आणलेल्यालाच काम मिळत असेल, तर ज्यांचे कोणी आत नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या कोणी आत जाऊच दिले नाही, त्यांचे काय? आपल्या जातीच्या, आपल्या पंथाच्या मुलासाठी शब्द टाकणे सोपे आहे. ते आपण करतो आणि त्याला समाजकार्य म्हणतो. माझे मत स्पष्ट आहे: ते अर्धेच समाजकार्य आहे, आणि उरलेला अर्धा भाग केला नाही तर त्या पहिल्या अर्ध्यानेच दुसऱ्या कोणावर तरी अन्याय होतो.

मग हे दार उघडे ठेवणारे कोणी होते का? होते. गाडगेबाबा होते. त्यांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदीला धर्मशाळा बांधल्या. स्वतः त्यांत मालकासारखे राहिले नाहीत. खराटा घेऊन पुढच्या गावाला गेले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली कोणाच्या स्वाधीन केली? बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या! ज्याला एका शहराने खोली नाकारली, त्याच्या संस्थेला एका निरक्षर कीर्तनकाराने पंढरपुरातली अख्खी इमारत दिली. वारकरी परंपरेचा याहून मोठा हिशेब मला ठाऊक नाही.

पंडिता रमाबाईंचे नावही घ्यायला हवे, कारण कुडीत आणि गाळ्यात बाईला जागाच नव्हती. १८९६-९७ च्या दुष्काळात आणि पुन्हा १९०० च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना त्यांनी केडगावच्या मुक्तिसदनात आणले. तिथे विणकाम होते, शेती होती, आणि छापखाना होता. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर तिथल्या बायकांच्या हातांनी जुळवले आणि छापले. खिळे जुळवणारी बाई! त्या काळात! त्यांच्या धर्मांतराच्या प्रश्नावर महाराष्ट्रात मोठे वादळ झाले, आणि त्या वादातला एक प्रश्न आजही जिवंत आहे. मदत घेणाऱ्याने मदत देणाऱ्याचा देव मानलाच पाहिजे का? माझे उत्तर आहे, नाही. देणाऱ्याने आपल्या श्रद्धेने द्यावे. घेणाऱ्याच्या श्रद्धेला हात लावू नये. पण रमाबाईंवर टीका करणाऱ्यांनाही मी विचारीन, तुमच्या देवळाने किती मुलींच्या हाताला काम दिले?

आणि देवळाने काम दिल्याचे उदाहरण हवे असेल, तर ते आपल्या गुजरातेतच आहे. पांडुरंगशास्त्री आठवले हे रोह्याचे. मराठी माणूस, पण त्यांचे काम गुजरातच्या खेड्यांत आणि किनाऱ्यावर जितके रुजले तितके क्वचितच कोणाचे रुजले असेल. त्यांच्या योगेश्वर कृषीत गाव मिळून एक जमीन कसते. प्रत्येक जण पुजारी म्हणून आपल्या वाट्याचे दिवस तिथे राबतो. मत्स्यगंधा या होड्यांवर कोळी बांधव असेच पाळीने जातात. जे पिकते, जे जाळ्यात येते, ते कोणा एकाचे नाही, देवाचे. त्यातून गरजू घराला प्रसाद म्हणून दिले जाते. १९९६ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९७ साली टेंपलटन. पुरस्कारांपेक्षा मला त्यातली एक गोष्ट मोठी वाटते. तिथे देणारा समोर उभा नसतो. घेणाऱ्याला कोणापुढे मान खाली घालावी लागत नाही. नोकरी गेलेल्या माणसाला आधी कशाने मरण येत असेल, तर ते भुकेने नाही, या मान खाली घालण्याने येते.

आता याच शहरातल्या आजच्या हरणीत या.

इथून जवळ भीडभंजन हनुमानाचे मंदिर आहे, मोटनाथ महादेव आहे. दुसऱ्या बाजूला विमानतळ आहे, आणि विमानतळाच्या बाजूलाच लष्करी मालवाहू विमानांची जोडणी करणारा टाटा-एअरबसचा कारखाना. २८ ऑक्टोबर २०२४ ला त्याचे उद्घाटन झाले. त्या करारातल्या छप्पन्न विमानांपैकी चाळीस इथे तयार व्हायची आहेत. शनिवारी मंदिरात रांग लागते. त्या रांगेत पुढे उभा असलेला एखादा गृहस्थ कुठल्या तरी कारखान्यात फोरमन असतो. त्याच्या मागे उभा असलेला मुलगा गोरव्याच्या किंवा तरसालीच्या आयटीआयमधून फिटर होऊन बाहेर पडलेला आणि सहा महिने घरी बसलेला असतो. दोघे एकाच देवाला हात जोडतात. मुलगा नोकरी मागतो, फोरमन चांगला माणूस मिळू दे म्हणतो. दोघे प्रसाद घेतात आणि एकमेकांशी अवाक्षर न बोलता घरी जातात. देवाने त्यांना हातभराच्या अंतरावर आणून उभे केले. आणखी त्याने काय करायचे?

सरकारने काही केले नाही असे मी म्हणत नाही. रिकाम्या जागा रोजगार कचेरीला कळवण्याचा कायदा १९५९ मध्ये झाला. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे. गुजरात सरकारचे अनुबंधम पोर्टल आहे, भरती मेळे भरतात. हे सगळे वापरलेच पाहिजे. पण पोर्टलवर नाव कसे घालायचे हे त्या मुलाला कोण बसून दाखवणार? मुलाखतीला जायच्या आदल्या दिवशी, स्वतःबद्दल सांगा म्हटल्यावर काय बोलायचे याची तालीम कोण घेणार? रिक्षाचे भाडे आणि एक धड शर्ट कोण देणार? आणि तीनदा नकार आल्यावर चौथ्यांदा जा, असे कोण म्हणणार? हे कचेरीचे काम नाही. हे शेजाऱ्याचे काम आहे.

आणखी एक काम फक्त समाजच करू शकतो. नोकरी लावतो म्हणून आगाऊ पैसे घेणारे लोक याच वस्त्यांत फिरतात. परदेशी पाठवतो म्हणून आईचे दागिने गहाण टाकायला लावणारे फिरतात. १९८३ च्या कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाला सरकारी नोंदणी लागते, आणि ती नोंदणी तपासता येते. पण एकटा, घाबरलेला, घाईला आलेला मुलगा तपासत नाही. दहा जाणत्या माणसांत तो जाऊन बसला, तर त्या दहांपैकी एक जण नक्की म्हणेल, थांब, आधी पाहू या.

म्हणून तुमच्याकडे माझी मागणी आहे, आणि ती मोघम नाही. या सभागृहात देवळांचे विश्वस्त आहेत, गणेश मंडळांचे आणि भजनी मंडळांचे कार्यकर्ते आहेत. गुरुद्वारा, चर्च आणि मशिदीशी संबंध असलेलेही काही स्नेही आज आले आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ, दोन तास, एक टेबल मांडा. एक वही ठेवा. वहीच्या एका पानावर काम शोधणाऱ्याचे नाव, येणारे काम, जायची तयारी किती अंतरापर्यंत. समोरच्या पानावर, आपल्यापैकी कोण कुठे नोकरीला आहे आणि तिथे कोणते काम निघते. टेबलाशी दोन माणसे बसवा, त्यांतली एक बाई असलीच पाहिजे, म्हणजे मुली आणि विधवा भगिनी संकोच न करता येतील. ज्याच्यासाठी शब्द टाकाल त्याला आधी भेटा, त्याचे काम पाहा, आणि जमत नसेल तर स्पष्ट नाही म्हणा. खोटी हमी एकदा दिलीत तर पुढच्या दहा खऱ्यांचा शब्द वाया जातो. कोणाकडून एक पैसा घेऊ नका, देणगीसुद्धा नाही. जो कामाला लागेल त्याला एकच सांगा, पुढच्या वर्षी याच टेबलाशी बसायला ये.

आणि वहीत जातीचा रकाना ठेवू नका. धर्माचाही ठेवू नका. वडोदऱ्यावर ते ऋण १९१७ पासून आहे.

उत्सवाच्या मांडवावर आपण जितका खर्च करतो, त्याच्या शंभराव्या हिश्श्यात हे वर्षभर चालेल. ज्या विश्वस्तांना हे करायचे आहे त्यांनी आज सभा संपल्यावर दाराशी थांबावे. टेबल कोणत्या वारी मांडायचे, तेवढे ठरवूनच घरी जाऊ.